फक्त या एका फुलावर

सत्यदेव सरांनी वत्सलाला तो तक्ता करायला सांगितला तेव्हा १९७५ चा जानेवारी अर्धा सरला होता. कागदाच्या डाव्या बाजूला फूल आणि उजव्या बाजूला पतंग. दोघांची तुलना अशी करायची, की सरकारी कमिटीवरच्या ज्या माणसांनी आयुष्यात कधी भिंगातून पाहिलं नाही त्यांनाही एका दमात कळावं. उत्तर युरोपातलं एक रानफूल आणि तिथलाच एक पतंग. या दोघांना हिंदी महासागरातल्या या बेटावर एकत्र आणावं की नाही, हे ती कमिटी फेब्रुवारीच्या दहा तारखेला ठरवणार होती.

फूल आधीच आलेलं होतं. क्युरपिपच्या पुढे, जिथे पाऊस बारा महिने हटत नाही, तिथे एका साखर इस्टेटीची गुरांची कुरणं होती. सात-आठ वर्षांपूर्वी इस्टेटीने युरोपातून गवताचं बी मागवलं आणि त्या बियांतून हे तण शिरलं. कमरेएवढं उंच, शेंड्याला पिवळ्या फुलांचे झुबके. मजूर बायका त्याला नुसतंच ‘फ्लेर झोन’, म्हणजे पिवळं फूल म्हणत. ओलं असताना ते कडू लागे म्हणून गाई तोंड लावत नसत, पण गवताबरोबर कापून वाळवलं की कडूपणा जायचा आणि विष तसंच राहायचं. मग वासरांचे डोळे पिवळे पडत, ती गोल गोल फिरू लागत, कुंपणाला डोकं टेकून तासन् तास उभी राहत आणि तशीच कोसळत. दोन वर्षांत साठाच्या वर वासरं गेली, तेव्हा इस्टेटीने इंग्लंडात शिकून आलेल्या सत्यदेव सरांना नेमलं आणि कुरणाच्या कडेला एक छोटी प्रयोगशाळा बांधून दिली.

वत्सला तिथे मदतनीस होती. वय सव्वीस. घर क्वात्र बॉर्नला, घरात ती आणि आई, कुंती. वडील पोस्टात कारकून होते. ते गेल्यावर घर चालवायचं तिच्याच अंगावर आलं. मुलाखतीला आठ मुलगे आले होते आणि ती एकटीच मुलगी. सरांनी तिच्यासमोर झाडाचं एक पान ठेवलं आणि म्हटलं, काय दिसतं ते लिहा. तिने दोन पानं लिहिली. बाकीच्यांनी चार-चार ओळी लिहिल्या होत्या. इस्टेटीचा मॅनेजर कुरकुरला, तरी सरांनी तिलाच घेतलं, आणि ही गोष्ट ती कधी विसरली नाही.

अळ्यांनी ते तण खाऊन संपवावं म्हणून नोव्हेंबरात विमानाने त्या पतंगाचे तीनशे कोश आले. थंड देशातले ते कोश, सगळा हिवाळा जमिनीत निजून काढणारे. इथे हिवाळा कुठला, म्हणून निम्मे फ्रिजमध्ये ठेवले आणि निम्मे बाहेर काढले. डिसेंबरात पतंग बाहेर आले. काळे पंख, त्यांवर तांबडी रेघ आणि दोन तांबडे ठिपके, आणि खालचे पंख तर पुरते लालभडक. त्यांनी अंडी घातली आणि ते मेले, अंड्यांतून अळ्या निघाल्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, कुणी फुटबॉलची जर्सी घातल्यासारख्या. त्या तणाची पानं त्या अशा फडशा पाडून खात की कान देऊन ऐकलं तर कुरकुर ऐकू येई.

वत्सलाचा तक्ता बराचसा भरत आला होता. फूल पहिल्या वर्षी नुसती पानं धरतं, दुसऱ्या वर्षी फुलतं. पतंगाचा जन्म एका वर्षाचा. फूल आपल्या अंगात विष तयार करतं. पतंगाची अळी ते विष खाते, पचवते आणि स्वतःच्या अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला चोच लावत नाहीत. फुलाचा पिवळा रंग मधमाश्यांना बोलावण्यासाठी, पतंगाचा लाल रंग पाखरांना दूर ठेवण्यासाठी. शेवटची ओळ सरांनी स्वतः सांगितली होती आणि कमिटीचा सगळा भरवसा तिच्यावरच असणार होता. डावीकडे: ‘हे फूल जगायला पतंगाची गरज नाही.’ उजवीकडे: ‘हा पतंग फक्त या एका फुलावर जगतो.’

त्या ‘फक्त’साठी दोघांनी चार आठवडे घासले होते. बावीस झाडांची यादी होती. ऊस, चहा, टोमॅटो, भेंडी, कोबी, मका, फळझाडं. प्रत्येकाची पानं वत्सला पिंजऱ्यात ठेवी आणि अळ्या उपाशी मरत, पण तोंड लावत नसत. यादीतल्या बाविसाव्या झाडावर काट मारली त्या दिवशी सरांनी शहरातून केक आणला होता.

त्याच आठवड्याच्या रविवारी बलराममामा घरी आला. मामा जंगलखात्यात गार्ड, डोंगरावरची गस्त त्याच्याकडे. कुंतीचे गुडघे दुखत, म्हणून तो कड्यावरून एका झुडपाची पानं आणून द्यायचा. ती तव्यावर गरम करून बांधायची. म्हातारी माणसं त्या झुडपाला ‘ब्वा शेव्र’ म्हणत, बकरीचं झाड. दरवेळी नुसती पानं असायची. या वेळी घाईत मामाने डहाळ्याच कापून आणल्या होत्या आणि एका डहाळीला फुलं होती.

वत्सला ती डहाळी हातात घेऊन खिडकीशी गेली. फूल पिवळं होतं. पाकळ्या मोजल्या, उलटं करून खालची हिरवी वाटी पाहिली, मधले केसर नखाने उकलून पाहिले. गेली दोन वर्षं रोज जे फूल ती भिंगाखाली पाहत होती त्याचं हे सख्खं भावंड होतं.

“मामा, ही झाडं किती असतील?” तिने विचारलं.

मामाने विचार करून सांगितलं, की या कड्यावर शे-सव्वाशे आणि पलीकडच्या डोंगरावर थोडी. दुसरीकडे त्याने तरी पाहिली नव्हती. जगातही दुसरीकडे नाहीत म्हणतात, परदेशातून लोक मुद्दाम बघायला येतात, असंही तो म्हणाला आणि चहा प्यायला बसला.

सोमवारी सकाळी वत्सलाने कुणाला न सांगता ती डहाळी एका पिंजऱ्यात ठेवली, वर दहा अळ्या सोडल्या. दुपारी डबा खाऊन आली तर पानांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. मंगळवारी सकाळी नुसती काडी उरली होती आणि दहाच्या दहा अळ्या टुम्म होऊन काडीला बसल्या होत्या.  मामाकडून आणखी डहाळ्या मागवून तिने तीन वेगळ्या पिंजऱ्यांत तेच पुन्हा केलं. तिन्हींत तेच झालं. शुक्रवारी तिने रजिस्टरात तारीख घालून, अळ्यांची संख्या लिहून, शाईने सगळं नोंदलं आणि सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

सरांशी ती क्रिओलमध्ये बोले. सरांच्या घरी भोजपुरी, तिच्या घरी मराठी, आणि दोघांच्या मधली भाषा ती. सरांनी रजिस्टर वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून दार लोटून घेतलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले की हे झाड यादीत नाही आणि यादी वरून मंजूर होऊन आलेली आहे. एक रानटी झुडूप, दोन कड्यांवरचं, ना कुणी खात ना विकत. पतंग कुरणात सोडायचा, कडे तिथून बारा मैल. तिने म्हटलं की पतंगाला पंख असतात. त्यावर सर म्हणाले, “तू वासरू मरताना बघितलंयस? मी चाळीस बघितली. एकाचं डोकं तर माझ्या मांडीवर होतं.”

तिने रजिस्टर उचलायला हात पुढे केला.  सर म्हणाले की रजिस्टर इथेच राहू दे आणि तक्ता सोमवारी टायपिंगला जाईल.

सोमवारी तिने तक्ता दिला तेव्हा शेवटच्या ओळीत ‘फक्त’च्या जागी मोकळी जागा होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि तो शब्द स्वतःच्या हाताने लिहिला. त्या दिवसापासून दोघं कामापुरतं बोलू लागले. एका खोलीत दिवसाचे आठ तास, आणि भिंग सरकवल्याचा आवाजही मोठा वाटावा इतकी शांतता. रात्री तिला झोप लागेना. नोकरी गेली तर आईचं काय, हा एक विचार. आणि आपण गप्प बसलो तर तो कडा पाच-दहा वर्षांत कसा दिसेल, हा दुसरा. कुंतीला काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. तिने एकदा विचारलंही, “खातंस का नाय ग?” वत्सलाने उन्हाचं नाव सांगितलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रेडिओवर सीक्लोनची, म्हणजे चक्रीवादळाची, बातमी आली. नाव जर्वेझ. बुधवारी सकाळी पहिल्या क्लासचा इशारा दुसऱ्यावर गेला; चौथा म्हणजे वादळ डोक्यावर. सर त्या दिवशी मीटिंगसाठी पोर्ट लुईला गेलेले. प्रयोगशाळेत वत्सला आणि रखवालदार परशुरामकाका, दोघंच. काका साठीचा, तिच्यासारखाच मराठी घरचा, ब्रीझे वेर्दिएर गावचा. एकोणीसशे साठच्या वादळात त्याचं घर डोळ्यांदेखत उडालं होतं, त्यामुळे सकाळपासून तो सारखा आकाशाकडेच बघत होता.

बाहेर हवा कोंडली होती. पाखरं कुठे दिसत नव्हती. वत्सलाने अळ्यांच्या खोलीकडे पाहिलं आणि ती जणू पहिल्यांदाच पाहते आहे असं तिला झालं. लाकडी चौकट, बारीक तारेची जाळी, वर पत्रे. दोन दारं एकामागे एक, कारण आतलं काहीही जिवंत बाहेर जायचं नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. आत तीनशे अठरा अळ्या. आदल्या संध्याकाळीच तिने मोजून लिहिलेलं होतं.

साडेबाराला फोन लागला. ओळीत खरखर होती. सर म्हणाले की पिंजरे उचलून खताच्या गुदामात ठेवा, ते काँक्रीटचं आहे. कोश फ्रिजमध्येच राहू द्या, फ्रिजचं दार उघडू नका, वीज गेली तरी दोन दिवस थंड राहील. तिने विचारलं, आणि दोन दिवसांनी वीज आली नाही तर? गुदामाच्या वरच्या झरोक्यांना काच नाही, तिथून पाणी आणि वारा शिरला तर? सरांचं उत्तर अर्धंच ऐकू आलं.

“काही मारायचं नाही, वत्सला. ऐकतेस ना? काही…”

मग ओळ बंद पडली. तिने तीनदा फिरवून पाहिलं.

काकाने रेडिओ मोठा केला. क्लास तीन. बसगाड्या डेपोत परतणार, लोकांनी घरात राहावं. काका म्हणाला की मजुरांना खाली नेणारी लॉरी चार वाजता फाटकाशी थांबेल, त्यानंतर काही मिळायचं नाही. पाऊण वाजला होता.

वत्सलाने एक पिंजरा उचलला आणि गुदामापर्यंत नेला. पन्नास पावलं. वारा अजून झुळुकांनीच येत होता, पण तेवढ्यातच पिंजऱ्याचं झाकण दोनदा उघडायला झालं. तिने हनुवटीने दाबून धरलं. गुदामाच्या दारात उभं राहून तिने झरोके पाहिले. एका माणसाचा हात जाईल एवढे, सहा. खाली खताची पोती. झरोक्यांना लावायला तिच्याकडे ना फळ्या ना खिळे. पिंजऱ्यातली पानं संध्याकाळपर्यंत संपणार होती. रस्ते बंद झाले तर ती परत कधी येणार हे कुणाला माहीत? उपाशी अळ्या जाळीच्या फटी शोधत फिरतात हे तिने स्वतःच तर लिहून ठेवलं होतं.

ती पिंजरा घेऊन तशीच मागे आली.

“काका, स्टोव्ह पेटवा. मोठं पातेलं ठेवा पाण्याचं,” ती म्हणाली.

काकाने तिच्याकडे बघितलं. “साहेबाला विचारलंस?”

“विचारलं. नको म्हणाले.”

काकाने काडेपेटी घेतली. मग आत गेला आणि स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला.

आधी कोश. वीज कधीही जाणार होती आणि पानं वाळवायचा ओव्हन विजेवर चालायचा. तिने फ्रिज उघडला, दीडशे कोशांचे डबे ट्रेवर ओतले, ट्रे आत सरकवला आणि काटा शंभराच्या पुढे नेला. अर्धा तास हवा होता. ती घड्याळाकडे आणि दिव्याकडे आळीपाळीने बघत राहिली. दिवा दोनदा मंद झाला, पुन्हा पेटला. पत्र्यावर पहिला पाऊस तडतडला. सत्तावीस मिनिटांनी वीज गेली ती गेलीच. तिने ओव्हनचं दार लगेच उघडलं नाही, आतल्या उष्णतेत आणखी पाव तास जाऊ दिला. मग एक कोश नखाने फोडून पाहिला. आतलं सगळं शिजलं होतं. अशा पाच ठिकाणच्या पाच कोशांची खात्री करून घेतली, तेव्हा कुठे तिने ट्रे खाली ठेवला.

अळ्यांचं काम जास्त कठीण गेलं. अंड्यांपासून तिनेच त्यांना वाढवलं होतं. चिमट्याने एक-एक उचलून उकळत्या पाण्यात टाकायची आणि मोठ्याने आकडा म्हणायचा. काका पाटीवर दहा-दहाच्या रेघा मारत होता. चिमटा हलू नये म्हणून ती डावा हात उजव्याच्या मनगटाखाली धरून बसली. बाहेर फिलाओची, म्हणजे सुरूची, झाडं वाकायला लागली होती. दोन वेळा वाऱ्याने बाहेरचं दार खाडकन उघडलं, दोन वेळा काकाने उठून ते लावलं आणि दुसऱ्या वेळी त्याला लाकडाची पेटी टेकवली.

तीनशे पंधरावर पिंजरे रिकामे झाले.

“तीन कमी आहेत,” वत्सला म्हणाली.

काकाने पाटी पुन्हा मोजली. तीनशे पंधराच. सव्वातीन झाले होते.

तिने प्रत्येक पान उलटून पाहिलं. देठ पाहिले, पिंजऱ्यांचे कोपरे पाहिले, स्वतःचा कोट झटकला, केस सोडून झटकले. एक अळी जाळीच्या चौकटीखालच्या खाचेत मिळाली. दुसरी दोन दारांच्या मधल्या बोळात, बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यापासून वीतभर.  वीतभर अंतर आणि दार दोनदा उघडलेलं.

तिसरी मिळेना.

एक शक्यता अशी होती की ती कोश करायला मातीत शिरली असेल. पिंजऱ्यांखाली मातीचे सहा ट्रे होते. वत्सलाने चाळण घेतली आणि पहिला ट्रे चाळायला बसली. काका फाटकाकडे पाहून आला. लॉरी आली आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे, असं म्हणाला. तिने दुसरा ट्रे घेतला. पाऊस आता आडवा येत होता आणि जाळीतून आत शिरून मातीचा चिखल करत होता. चाळण बुजायला लागली. छपराचा एक पत्रा कोपऱ्यातून सुटून धाडधाड आपटू लागला.

“पोरी, एका किड्यापायी जीव देशील?” काका म्हणाला. “तुझी आई वाट बघते.”

तिने चाळण टाकली. पातेल्यात उरलेलं उकळतं पाणी तिने चार ट्रेंवर ओतलं, काकाने दुसरं आधण उचलून आणलं, ते उरलेल्या दोहोंवर. मातीतून वाफा आल्या. मग ती आत पळाली. सरांच्या टेबलाच्या खणातून रजिस्टर काढलं आणि त्या दिवसाच्या पानावर लिहिलं: कोश दीडशे, सर्व नष्ट. अळ्या तीनशे अठरा, पैकी तीनशे सतरा नष्ट, एक सापडली नाही. मातीवर उकळतं पाणी. आदेश नसताना, माझ्या निर्णयाने. खाली पूर्ण नाव. रजिस्टर मेणकापडात गुंडाळून तिने पुन्हा खणात ठेवलं आणि कुलूप घातलं. ते घरी न्यावं असं क्षणभर मनात आलं होतं. पण ते इस्टेटीचं होतं.

लॉरी हलायला लागली होती, तशा चालत्या लॉरीत मजूर बायकांनी तिला आणि काकाला हात देऊन ओढून घेतलं.

त्या रात्री वादळाने बेटाचं काय केलं ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. आई आणि ती जेवणाच्या टेबलाखाली बसून राहिल्या. स्वयंपाकघराचं छप्पर गेलं, घर राहिलं. सकाळी शेजारच्या आंब्याला एक पान उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी, अर्धी वाट चालत आणि अर्धी एका ट्रकवर बसून, वत्सला कामावर पोचली. अळ्यांची खोली जागेवर नव्हती. चार खुंट उभे होते, बाकी जाळी फर्लांगभर लांब फिलाओच्या बुंध्याला गुंडाळली गेली होती आणि पत्रे कुठे गेले याचा पत्ता नव्हता. गुदाम मात्र होतं तसं उभं होतं. सत्यदेव सर त्याच्या दारात पाठमोरे उभे होते. तिने आत डोकावून पाहिलं. भिंतीशी चार बोटं पाणी साचलं होतं; वरची पोती कोरडी होती.

“बघ,” सर म्हणाले. “कोरडं आहे. इथे ठेवले असते तर सगळे राहिले असते.”

तिने वर झरोक्यांकडे पाहिलं.

“तीन वर्षं. कमिटी पुढे ढकलली आहे, पण आता मी त्यांना दाखवू काय? पाटीवरच्या रेघा?” त्यांनी रजिस्टर वाचलं होतं; ते त्यांच्या काखेत होतं. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “खरं सांग. वादळासाठी मारलेस, की त्या झुडपासाठी?”

हा प्रश्न तिने स्वतःला टेबलाखाली बसून विचारला होता, आणि नंतरच्या चार दिवसांतही.

“वादळ आलं नसतं तर माझा हात धजला नसता, सर,” ती म्हणाली. “पण ते झाड माहीत नसतं तर मी तुमचं ऐकलं असतं.”

सरांनी मान हलवली. त्यांचे डोळे लाल झाले होते. मग ते म्हणाले की मॅनेजरला नाव हवंय आणि मला ते द्यावं लागेल. तिने समजल्याचं सांगितलं. महिनाअखेरीस तिला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं.

कमिटी बसली ती मार्चमध्ये. आत काय झालं हे तिला परशुरामकाकाकडून कळलं. त्याने सरांची बॅग उचलून नेली होती आणि दाराशी बसून ऐकलं होतं. इस्टेटीने कोशांच्या दुसऱ्या खेपेसाठी परवानगी मागितली. सर टाइप केलेला तक्ता वाचत होते. शेवटच्या ओळीशी आले आणि थांबले. कुणीतरी विचारलं, पुढे? सरांनी बॅगेतून रजिस्टर काढलं, ब्वा शेव्रचं पान उघडलं आणि तारखांसकट, अळ्यांच्या संख्येसकट वाचून दाखवलं. नोंद कुणाची असं विचारल्यावर त्यांनी वत्सलाचं पूर्ण नाव सांगितलं. दुसरी खेप आली नाही.

यामुळे तिची नोकरी परत आली असं नाही. सहा महिने घरी काढल्यावर रोझ हिलच्या एका खाजगी शाळेत तिला विज्ञान शिकवायचं काम लागलं, पगार आधीच्या निम्मा. शनिवारी देवळात मुलांचा मराठीचा वर्ग घेऊ लागली. त्या डिसेंबरात, आणि पुढची तीन वर्षं प्रत्येक डिसेंबरात, ती बलराममामाबरोबर कड्यावर चढत असे. झाडन् झाड बघायची, पानाखाली बघायची. मामा तिची थट्टा करी, पण पाण्याची बाटली तिच्यासाठी तोच उचलायचा. पिवळा-काळा पट्टा कुठे दिसला नाही. पाचव्या वर्षी मामा निवृत्त झाला आणि तिने जायचं थांबवलं. तरी त्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात एखादा लाल पंखांचा किडा दिव्याभोवती दिसला, की जवळ जाऊन पाहीपर्यंत तिच्या जिवात जीव नसे.

१९८२ सालच्या एका रविवारी क्वात्र बॉर्नच्या बाजारात, कापडाच्या गाळ्यांपाशी, कुणीतरी तिला नावाने हाक मारली. सत्यदेव सर होते. केस पांढरे झालेले, हातात भाजीची टोपली. सात वर्षांत ते प्रथमच समोरासमोर येत होते. दोघांनी एकमेकांच्या घरच्यांची विचारपूस केली. सर म्हणाले की ते अजून तिथेच आहेत. तण पतंगाने नाही, बायकांनी उपटलं. फुलायच्या आधी, पावसाळी ओल्या जमिनीतून, मुळासकट, वर्षातून दोनदा. वासरं मरायची पुरती थांबली नव्हती, पण मागच्या वर्षी चारच गेली होती.

“मी तुला कधी सांगितलं नाही,” ते म्हणाले. “त्या रजिस्टरातलं ब्वा शेव्रचं पान मी कमिटीच्या आदल्या रात्री फाडायला बसलो होतो.”

“मग?”

“एक सापडली नाही, असं तू लिहिलं होतंस. ते कुणी बघायला आलं नसतं. तू तीनशे अठरा लिहिलं असतंस तरी चाललं असतं.” त्यांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली. “ते वाचलं आणि फाडता आलं नाही.”

गर्दीतली एक बाई त्यांच्या मधून वाट काढत गेली.  वत्सलाने विचारलं की बायका तण उपटतात ते हातमोजे घालून की नुसत्या हातांनी, कारण ते विष कातडीतूनही बाधत असेल तर बघायला हवं. सर म्हणाले, नुसत्या हातांनी. ती म्हणाली की शाळेला सुट्टी लागली की ती एक दिवस येऊन बघेल.

“ये,” सर म्हणाले. “काका नाही आता. फाटकावर माझं नाव सांग.”

तिने होकार दिला आणि आईसाठी घ्यायचं राहिलेलं आलं आठवून ती भाजीच्या बाजूला वळली.